निरीक्षण विहीर

निरीक्षण विहीर : भूजलाची पातळी ठराविक कालांतराने मोजता यावी म्हणून निवडलेली अथवा मुद्दाम घेतलेली विहीर. पाणी साठविणाऱ्या व वाहून नेणाऱ्या खडकाच्या किंवा गाळाच्या थरास जलधर म्हणतात. जलधर दृष्टीआड असल्याने त्यातील साठ्याची वाढघट प्रामुख्याने विहिरींतील पातळीवरून ताडली जाते. पुनर्भरण उपशाहून अधिक झाल्यास पातळी वर येते, उलट स्थितीत ती खाली जाते. रब्बीसाठी किती पाणी उपसावे व उन्हाळ्यात पिण्यास पाणी पुरेल किंवा नाही, हे ठरविण्यास या मोजणीचा आधार लागतो.

निवड व मोजणी : पाणलोट क्षेत्राच्या अपवहन, पुनर्भरण व साठवण या तिन्ही विभागांत निरीक्षण विहिरी असणे इष्ट असते. कालवा किंवा तलाव यांच्या लगतची विहीर सामान्यतः टाळतात. कारण तिची पातळी त्या जलाशयाच्या झिरप्याने वाढलेली असते. विहिरीच्या काठावर रंगाने कायमची खूण करून दर वेळी तेथूनच मोजणी करतात. पोलादी फितीच्या टोकाकडील भागास खडू लावून ती पाण्यात सोडतात. खुणेपाशी १२·०० मी. हा आकडा असून फितीचा ०·७० मी. भाग भिजला असल्यास पाणी खुणेपासून ११·३० मी. खोल असते. कठड्याची उंची ०·८० मी. वजा करता भूपृष्ठापासूनची खोली १०·५० मी. येते. उपसा नुकताच थांबला असल्यास पातळी पूर्ववत होईपर्यंत थांबतात. विद्युत् संवेदक व स्वयंचलित नोंदयंत्रे यांचाही वापर होतो.

महाराष्ट्रातील निरीक्षण : राज्याचा चार-पंचमांशाहून अधिक भाग दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टाने व्यापलेला आहे. त्यात पाणी मुख्यतः झिजलेल्या थरात, भेगांत व पोकळ्यांत साठते. राज्यात १९७२ मध्ये भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली. तिच्या निरीक्षण विहिरींची मोजणी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा करण्याची पद्धत आहे. केंद्रीय भूमिजल मंडळाच्या विहिरी वेगळ्या असतात. पावसाळ्यानंतरच्या पातळीची मागील पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना करून व पर्जन्यमान लक्षात घेऊन टंचाईची शक्यता असलेली गावे आधीच ओळखता येतात.

अर्थनिर्णयन : पावसाळ्यापूर्वीच्या व नंतरच्या पातळ्यांतील फरक, क्षेत्रफळ व थराचा विशिष्ट उतारा (थरातून गुरुत्वाने निथळणाऱ्या पाण्याचे प्रमाण) यांच्या गुणाकाराने साठ्यातील वाढ मिळते, तीत पावसाळ्यातील उपसा मिळविल्यास पुनर्भरणाचा ढोबळ अंदाज येतो. झिजलेल्या बेसाल्टाचा विशिष्ट उतारा सु. २ टक्के धरल्यास १ चौ. किमी. क्षेत्रात ४ मी. चढ म्हणजे केवळ ८०,००० घ. मी. पाणी होय. वालुकामय गाळात तो सु. १६ टक्के धरतात. तेथे तेवढाच चढ ६,४०,००० घ. मी. पाणी दर्शवितो. म्हणूनच काठोकाठ भरलेली विहीर मुबलक साठ्याची खूण असतेच असे नाही. बेसाल्टी प्रदेशातील विहिरी चांगल्या पावसात लवकर भरतात आणि तितक्याच लवकर आटतात.

मर्यादा : मे महिन्यात कोरडी पडलेली विहीर पातळी तळाखाली गेल्याचे सांगते, ती किती खाली गेली, हे सांगत नाही. अशा विहिरी सरासरीतून वगळल्यास उरलेल्या विहिरींचा आकडा वस्तुस्थितीहून समाधानकारक दिसतो. तसेच खोल विंधण विहिरींतून होणारा उपसा उथळ विहिरीत लगेच प्रकट होईलच असे नाही. यासाठी खोल जलधरात स्वतंत्र निरीक्षण नलिका बसवाव्या लागतात. एका वर्षाच्या नोंदीवरून निष्कर्ष काढणेही धोक्याचे असते. पर्जन्यातील चढउतार वेगळे काढण्यास अनेक वर्षांची अखंड नोंद लागते.

व्यवस्थापन : वार्षिक उपसा हा उपलब्ध भूजलाच्या ७० टक्क्यांपर्यंत असल्यास क्षेत्र सुरक्षित, ७० ते ९० टक्के असल्यास अंशतः शोषित, ९० ते १०० टक्के असल्यास शोषित व १०० टक्क्यांहून अधिक असल्यास अतिशोषित मानतात. राज्याच्या १९९३ च्या अधिनियमाने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मी. अंतराच्या आत नवीन विहीर घेण्यावर निर्बंध घातला. त्याची जागा घेणारा २००९ चा भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम १ जून २०१४ पासून अंमलात आला. तथापि विहिरी खाजगी व विखुरलेल्या असल्याने ग्रामस्थांच्या सहभागाविना नियमन कठीण जाते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडून पिकांचे नियोजन करते व सिंचनासाठी विंधण विहिरी घेण्यास तेथे बंदी आहे. आंध्र प्रदेशातील अवर्षणप्रवण जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी स्वतः विहिरी मोजून पिके ठरविण्याचा प्रयोग केला. २०१९ मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रासह सात राज्यांचा समावेश होता. तिचाही भर लोकसहभागावर होता. मोजणीचा आकडा कार्यालयातील नोंदवहीत न राहता पेरणीपूर्वी गावापुढे आल्यास त्याचा खरा उपयोग होतो.