लहान मोटारीतली घरघर

आईचे डोळे दाखवायचे म्हणून तिला घेऊन मी एकदा बीडहून अंबाजोगाईला निघालो होतो. गाडी लहान आणि जुनी. मांजरसुंबा मागे टाकून केजच्या रस्त्याला लागलो, तशी आत अशी घरघर सुरू झाली की, मागे बसलेल्या आईचे बोलणे ऐकू येईना. "पिठाच्या गिरणीत बसल्यावाणी वाटतंय बाबा," हे वाक्यदेखील तिला दोनदा म्हणावे लागले. एका स्नेह्यांनी सांगितले, "जाड चटया टाका." टाकल्या, आवाज थोडा दबलाही. पुढे एका मिस्त्रीने मागचे चाक जॅकवर उचलून हाताने फिरवले, तेव्हा कळले की, बेअरिंग गेले होते. धोक्याची सूचनाच मी चटईखाली झाकून ठेवली होती!

तेव्हा आज सांगायचे ते हेच, की आवाज दाबण्याआधी तो ओळखावा.

आता हा आवाज येतो कोठून? आपल्या भागातली खडी म्हणजे काळा बेसाल्ट दगड. रस्त्याचा वरचा थर झिजला की खडीची टोके उघडी पडतात. टायरच्या नक्षीचा एकेक तुकडा त्यांवर आपटतो. खाचांतली हवा दाबली जाते व सुटते. हा आवाज दाराच्या फटींतून आत येतो, आणि चाकाच्या जोडण्यांतून पत्र्यातही उतरतो. लहान गाडीचा पत्रा पातळ व हलका, म्हणून तो लवकर थरथरतो. ताशी ५० किलोमीटरच्या पुढे बहुधा इंजिनापेक्षा टायरच जास्त वाजतात.

ओळखायचे कसे? गाडी उभी असताना ॲक्सिलरेटर दाबून पाहा. तोच आवाज आला तर दोष इंजिनाचा किंवा सायलेन्सरचा. खडबडीत रस्ता संपून गुळगुळीत लागताच आवाज उतरला, तर तो टायरचा व रस्त्याचा. रस्ता बदलूनही घुमणे तसेच राहिले आणि वळणावर कमीजास्त झाले, तर बेअरिंगचा संशय घ्यावा. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येतो. तेव्हा घुमणे वाढले तर बहुधा डाव्या बाजूचे बेअरिंग. अशी गाडी लांब पल्ल्यावर नेऊ नये, आधी मिस्त्रीकडे न्यावी.

टायरचाच आवाज असेल तर स्वस्त उपाय आधी करावे. हवा टायर थंड असताना तपासावी. आकडा बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर असतो. हवा जादा झाली की टायर कडक होतो व धक्के आत पोचवतो. टायरवरून हात पुढे-मागे फिरवा. करवतीच्या दात्यांसारखे लागले तर अलाइनमेंट तपासून घ्या. दारात वहीचा कागद धरून दार लावा आणि कागद ओढा. तो सहज निघाला तर तेथले रबर सैल झाले आहे. वेगही आवरावा. ८० वरून ६० वर आलात तर टायरचा आवाज साधारण ४ डेसिबलने उतरतो, आणि त्याला पैसा लागत नाही.

एवढे करून मगच पत्र्याला आतून डांबरी किंवा ब्युटिल रबराचे चिकट तुकडे लावावे. सगळा पत्रा मढवण्याची गरज नाही; मधल्या, जास्त थरथरणाऱ्या भागावर लावले तरी फरक पडतो. मात्र दाराच्या तळाची पाणी निघून जाण्याची भोके बुजवू नयेत, नाहीतर पत्रा गंजेल.

गुरुजींनी हे वर्गात सहज दाखवावे. स्टीलचे ताट दोरीला टांगून चमच्याने वाजवा. ते बराच वेळ झणझणेल. मग मागे मध्यभागी भिजवलेल्या कणकेचा गोळा घट्ट चिकटवून पुन्हा वाजवा. 'ठप्' असा आवाज येऊन थांबेल. थरथरीची शक्ती कणकेत जिरली. पत्र्यावरचा रबराचा तुकडा हेच काम करतो.

बेअरिंग बदलल्यावर आईला घेऊन त्याच रस्त्याने पुन्हा गेलो. खडी तीच होती, थोडी घरघरही होती. पण आईचे बोलणे या वेळी एकदाच ऐकून कळले.