सरासरीचे भार आणि रात्रपाळीवरील ठपका

दोन गटांची शेकडेवारी दिली असता एकूण शेकडेवारी काढावयाची, हे उदाहरण शालेय गणितात वारंवार येते. दोन्ही आकडे मिळवून बेरजेस २ ने भागणे ही विद्यार्थ्यांची नेहमीची चूक होय. तिचे मूळ कशात आहे, हे तपासणे उद्बोधक ठरते.

कोल्हापूर जिल्हा ओतकामासाठी प्रसिद्ध आहे. म्हणून कागल पंचतारांकित एमआयडीसीतील एखादी कल्पित फौंड्री उदाहरणादाखल घेता येईल. पुढील आकडेही कल्पितच आहेत. दिवसपाळीत ८०० साध्या कास्टिंगांपैकी २४ व २०० किचकट कास्टिंगांपैकी २० बाद झाली. रात्रपाळीत २०० साध्यांपैकी ४ व ८०० किचकटांपैकी ६४ बाद झाली.

पहिली पायरी : प्रकारवार प्रमाण. दिवसपाळीत ते शेकडा ३ व १०, तर रात्रपाळीत शेकडा २ व ८ येते. दोन्ही प्रकारांत रात्रपाळी सरस दिसते.

दुसरी पायरी : एकूण प्रमाण. दिवसपाळीचे १००० पैकी ४४, म्हणजे शेकडा ४.४; रात्रपाळीचे १००० पैकी ६८, म्हणजे शेकडा ६.८. आता निष्कर्ष उलटतो! कारण उघड आहे : किचकट कामाचा भार रात्रपाळीवर अधिक पडला आहे. जी. उडनी यूल यांनी १९०३ मध्ये आणि ई. एच. सिंप्सन यांनी १९५१ मध्ये चर्चिलेला हाच तो विरोधाभास.

तिसरी पायरी : समान भार. दोन्ही पाळ्यांना निम्मे साधे व निम्मे किचकट काम दिले असते, तर प्रमाण अनुक्रमे शेकडा ६.५ व ५ आले असते. विद्यार्थ्याची ‘चुकीची’ रीत येथे योग्य ठरते, कारण प्रश्नच बदलला आहे.

चौथी पायरी : सार्थतेची कसोटी. एकूण प्रमाणांतील फरक २.४ असून त्याची प्रमाण त्रुटी सुमारे १.०३ आहे; म्हणजे शेकडा ५ पातळीवर हा फरक सार्थ ठरतो. उलट प्रकारवार फरक १ व २, आणि त्यांच्या प्रमाण त्रुटी सुमारे १.३ व २.२ आहेत, म्हणून ते सार्थ नाहीत. तात्पर्य, रात्रपाळी श्रेष्ठ आहे असे सिद्ध होत नाही. परंतु तिच्यावर ठपका ठेवण्यासही आधार उरत नाही. आकडेमोड व कसोटी दोन्ही निर्दोष असूनही निर्णय अन्यायाचा होऊ शकतो. यास्तव सरासरी काढण्यापूर्वी भार कोणते घ्यावयाचे, हे प्रश्नावरूनच ठरविले पाहिजे.