राउटर आधी उलटा करून बघा
दिवाळीत परभणीला घरी गेलो, तर चुलत भावाने राउटरच पुढ्यात ठेवला. “दादा, यात ओपनडब्ल्यूआरटी टाकून दे.” म्हणजे कंपनीचं फर्मवेअर काढून त्याजागी लिनक्सवर चालणारं फुकट फर्मवेअर.

राउटर टीपी-लिंकचा, टीएल-डब्ल्यूआर८४१एन. पठ्ठ्याने फाइलही उतरवून ठेवलेली, पण व्हर्जन १३ ची. खालच्या स्टिकरवर छापलं होतं १४!

नाव तेच, आतला माल वेगळा. १३ मध्ये ८ एमबी फ्लॅश, ६४ एमबी रॅम; १४ मध्ये बरोबर निम्मं. ओपनडब्ल्यूआरटीला २१.०२ पासून किमान ८ आणि ६४ लागतात. चुकीची फाइल टाकली की राउटरची वीट होऊ शकते.

हा प्रकार जुनाच. २००५ मध्ये लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी व्हर्जन ५ मध्येही रॅम १६ वरून ८ एमबीवर आली, लिनक्सही गेलं.

म्हणून घेतानाच खोक्यावरचं व्हर्जन बघा आणि ओपनडब्ल्यूआरटीच्या हार्डवेअर यादीत शोधा. फाइल टाकताना लॅन केबल लावा, राउटर इन्व्हर्टरवर ठेवा. आपल्याकडे लाइट कधी जाईल, सांगता येत नाही.

भावाला खरं तर स्पीड हवा होता. पण याचे पोर्टच १०० एमबीपीएसचे, वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झ, फर्मवेअर काय करणार? चॅनल बदलून दिला, पासवर्डही. ‘१२३४५६७८’ होता.