बचत कोणाच्या पदरात?

रुग्णाचा पूर्वेतिहास ज्याला ठाऊक आहे व अडीअडचणीला जो भेटतो, अशा एका डॉक्टरच्या पथकाकडे उपचारांची सर्व सूत्रे असावीत, या कल्पनेस अमेरिकेत ‘वैद्यकीय गृह’ म्हणतात. संज्ञा १९६७ची, बालरोगतज्ज्ञांची. २००७ साली चार वैद्यक संघटनांनी तिची तत्त्वे ठरविली. आपल्या जुन्या फॅमिली डॉक्टरचेच हे सुधारलेले रूप म्हणावे! प्रश्न आहे तो पैशाचा. मधुमेही रुग्णाने औषध सोडले की काय, ही परिचारिकेची दूरध्वनीवरील चौकशी भेटीगणिक शुल्काच्या व्यवस्थेत कोणत्याच बिलात बसत नसे.

सिएटलच्या ग्रुप हेल्थ या सहकारी संस्थेने २००६च्या सुमारास एका दवाखान्यात डॉक्टरमागील रुग्णसंख्या २,३०० वरून १,८०० वर आणली व तपासणीस वीसऐवजी तीस मिनिटे दिली. तातडीच्या विभागातील फेऱ्या इतर दवाखान्यांच्या तुलनेत २९ टक्के कमी झाल्या. संस्था स्वतःच विमा उतरविणारी असल्याने वाचलेला डॉलर तिच्याच तिजोरीत राहिला. पेनसिल्व्हेनियाच्या आग्नेय भागात मात्र ३२ दवाखान्यांना बक्षीस होते प्रमाणपत्राचे. प्रमाणपत्रे मिळाली, तीन वर्षांत खर्च घटला नाही. त्याच राज्याच्या ईशान्येस बचतीत डॉक्टरांना वाटा दिला, तेव्हा रुग्णालयातील भरती कमी झाली. दोन्हींत इतरही फरक होते, हे मान्य.

२०१५ पासून मेडिकेअर ही सरकारी विमायोजना दीर्घ आजारांच्या अशा देखभालीस मासिक शुल्क देते. परंतु त्यातील २० टक्के भार सामान्यतः रुग्णावरच पडतो. त्याची चौकशी करण्याचे दाम त्याच्याकडूनच का घ्यावे?