दोष ग्रंथाचा की वाचणाराचा?

धर्माच्या नावाने कोठे रक्त सांडले की एक पक्ष म्हणतो, 'ग्रंथच तसा आहे.' दुसरा म्हणतो, 'ग्रंथ निर्मळ आहे, माणसे बिघडली.' दोन्ही उत्तरे सोयीची आहेत. म्हणूनच आम्हांस ती अपुरी वाटतात.

गीतेचेच पाहा. मंडालेच्या तुरुंगात लोकमान्यांना तीत कर्मयोग दिसला. 'गीतारहस्य' १९१५ साली प्रसिद्ध झाले. गांधीजींनी कुरुक्षेत्र माणसाच्या अंतःकरणात पाहिले आणि गीतेतून अनासक्ती व अहिंसा घेतली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी तीच गीता बंदिजनांना सांगितली व साने गुरुजींनी ती टिपून घेतली. आणि ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींवर गोळ्या झाडणारा नथुराम गोडसे १९४९ साली फासावर गेला, तोही गीता हाती घेऊनच. मरणाराचा ग्रंथ तोच, मारणाराचाही तोच! त्याच्या सातशे श्लोकांतील अक्षरही बदलले नव्हते. मग बदलला तो वाचणारा. पुष्कळदा पोथी उघडण्यापूर्वीच त्याच्या मनाचा निश्चय झालेला असतो. पोथीला तो केवळ साक्षीस बोलावतो.

म्हणून ग्रंथ निर्दोष सुटला काय? तसेही नाही. द्विजाला कठोर बोलणाऱ्या शूद्राची जीभ छाटावी, असे मनुस्मृतीचा आठवा अध्याय सांगतो. येथे अर्थाची ओढाताण करावीच लागत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर, हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, एवढ्या अफवेवर त्यांना मारहाण झाली. काठी उचलणारांपैकी कितीजणांनी मनुस्मृती उघडली असेल? पण तिने ज्या भेदाला धर्म म्हटले, तो त्यांच्या हाडीमांसी भिनला होता. न वाचलेला ग्रंथही असा काम करतो. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. तो ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. वाचणाराची जबाबदारी अर्थ लावण्यापाशी संपत नाही. जे अन्याय्य आहे ते नाकारणे, हेही त्याचेच काम होय.

आता कोणी म्हणेल, एवढा विवेक पंडितांनाच साधावा. त्यांस आमचे वलगाव उत्तर देईल. २० डिसेंबर १९५६ रोजी येथेच पेढी नदीच्या पुलाजवळ गाडगेबाबांनी देह ठेवला. बाबांना अक्षरओळख नव्हती. परंतु देवापुढे बकरे कापणाऱ्यांना आणि माणसाचा विटाळ मानणाऱ्यांना ते कीर्तनातून साधे प्रश्न विचारीत, आणि ऐकणारा खाली मान घाली. कोणत्या पोथीत काय लिहिले आहे, यासाठी ते थांबले नाहीत. दुसऱ्या जिवाला यातना होतात की नाही, एवढेच त्यांनी पाहिले.

आमच्या मते हीच कसोटी खरी. ग्रंथात वाईट वचन असेल तर तो दोष ग्रंथाचा, हे मोकळेपणाने म्हणावे. पण ते वचन पुढे करून हात उगारला, तर त्या हाताचा जाब पोथीला विचारून भागणार नाही.