फोन मंदावतो तेव्हा : मुनीम, मेज आणि वखार

सकाळी अकराची वेळ. पेढीवर गिऱ्हाइकांची गर्दी आहे, दारात मालाचा टेम्पो उभा आहे, आणि बिल काढण्यासाठी हाती घेतलेला फोन मात्र जागचा हलत नाही. हिशेबाचे ॲप उघडता उघडता गोठते, पैसे जमा झाले की नाही हे पाहण्यासाठी गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघेही पडद्याकडे डोळे लावून उभे राहतात. संध्याकाळी घरात निर्णय होतो, ‘प्रोसेसर गेला, आता नवा फोन घेऊ.’ पोत्यामागे रुपया वाचावा म्हणून चार ठिकाणी भाव विचारणारे घर येथे मात्र कारण न शोधताच हजारोंचा खर्च मंजूर करते. वास्तविक प्रोसेसर सहसा बिघडत नाही. त्याला मंद करणारी कारणे त्याच्या भोवताली असतात, आणि त्यांतील बहुतेक घरच्या घरी दूर करता येतात.

फोनचा कारभार जुन्या पेढीसारखा चालतो. प्रोसेसर हा मुनीम, रॅम हे त्याच्यापुढचे मेज आणि स्टोरेज ही मागची वखार. या क्षणी लागणाऱ्या वह्या मेजावर असतात, बाकी सारे वखारीत. मेज लहान असेल तर एक वही उचलून ठेवल्याशिवाय दुसरी उघडता येत नाही. वखार तुडुंब असेल तर नवा माल लावण्याआधी जागा करावी लागते. बाहेरच्या गिऱ्हाइकाला मात्र एवढेच दिसते, की मुनीम हळू आहे.

दोष फोनचा की नेटवर्कचा?

पहिली परीक्षा अगदी सोपी. फोन विमान मोडवर टाकावा आणि कॅल्क्युलेटर, फोटो, कॅमेरा एकामागून एक उघडून पाहावेत. ते झटपट उघडले तर फोन बरा आहे. अडचण नेटवर्कची किंवा बँकेच्या यंत्रणेची आहे. यूपीआयचे चक्र फिरत राहते तेव्हा अनेकदा दोष हाच असतो, आणि नव्या फोनने तो जात नाही. फोन येथेही अडखळत असेल तरच पुढचा तपास करावा.

उष्णता

संगणकात पंखा असतो. बहुतेक फोनांत तो नसतो. म्हणून फोन तापला की प्रोसेसर स्वतःहून आपला वेग उतरवतो. हा बिघाड नव्हे, स्वसंरक्षण आहे. ॲपल आपल्या आयफोनसाठी भोवतालच्या हवेचे तापमान 0 ते 35 अंश सेल्सियस असावे असे सांगते. जळगाव, अकोला, नागपूर येथील मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो, हे लक्षात घेतले म्हणजे दुपारी मंदावणारा फोन सकाळी का चांगला चालतो, याचा उलगडा होतो. उन्हाच्या काउंटरवर फोन ठेवू नये, चार्जिंगला लावून सतत वापरू नये, तापल्यास जाड कव्हर काढून सावलीत ठेवावा. घाईने फ्रिजमध्ये मात्र कधीही ठेवू नये. आत दव साचून खरोखरचा बिघाड होतो.

भरलेली वखार

व्यापारी घरातील फोनचे हे सर्वांत मोठे दुखणे. मालाचे फोटो, बिलांच्या प्रती, प्रवचनांचे व्हिडिओ आणि रोजच्या सुप्रभात संदेशांची चित्रे. त्यात पर्युषणानंतरच्या क्षमापनेच्या दिवसांत ‘मिच्छामि दुक्कडम्’ची शेकडो चित्रे एकाच दिवशी येतात, आणि तेच चित्र दहा गटांतून दहा वेळा साठते. क्षमा मनात राहावी, चित्र फोनमध्ये राहण्याची गरज नाही.

स्टोरेजचा सुमारे पाचवा हिस्सा मोकळा ठेवणे हिताचे. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ आणि त्यात ‘मॅनेज स्टोरेज’ येथे गेले की अनेकदा पुढे पाठवलेल्या आणि 5 एमबीपेक्षा मोठ्या फाइली वेगळ्या दिसतात. तेथूनच त्या पुसाव्यात. मात्र बिले आणि पावत्या आधी वेगळ्या काढून ठेवाव्यात. फोटो व व्हिडिओ आपोआप उतरण्याची सोय बंद केली की वखार पुन्हा लवकर भरत नाही.

न बोलावलेले पाहुणे

तरीही फोन अडखळत असेल तर एखादे ॲप मागे बसून मुनीमाला राबवत असते. सेटिंग्जमधील बॅटरीच्या पानावर कोणत्या ॲपने किती बॅटरी खर्च केली ते दिसते. न वापरलेले ॲप तेथे वरच्या क्रमांकावर दिसले तर चोर बहुधा तोच. अँड्रॉइडमध्ये याहून पक्की परीक्षा म्हणजे ‘सेफ मोड’. अनेक फोनांत बंद करण्याच्या पर्यायावर बोट दाबून धरले की तो मिळतो. या अवस्थेत फक्त फोनसोबत आलेली ॲप चालतात. फोन येथे चपळ झाला तर दोष नंतर घेतलेल्या एखाद्या ॲपचा आहे. अलीकडे घेतलेली ॲप एकेक करून काढावीत आणि प्रत्येक वेळी फोन तपासावा.

येथे दोन गैरसमज टाळावेत. दर पाच मिनिटांनी सगळी ॲप बोटाने उडवून लावल्याने फोन वेगवान होत नाही. तीच ॲप पुन्हा मुळापासून उघडताना प्रोसेसरला अधिक श्रम पडतात. दुसरा गैरसमज ‘फोन साफ करणाऱ्या’ ॲपांचा. त्यांतील पुष्कळशी जाहिराती दाखवत स्वतःच मेजावर जागा अडवतात. आणि ‘फोन दुरुस्त करून देतो’ असे सांगून पडदा दाखवणारे ॲप घ्यायला लावणारा अनोळखी कॉल आला, तर तो तत्काळ बंद करावा. त्या पडद्यावर बँकेचा गल्लाही दिसत असतो.

थकलेली बॅटरी

जुनी बॅटरी एकाएकी लागणारी जास्त वीज पुरवू शकत नाही. 2017 च्या डिसेंबरमध्ये ॲपलने मान्य केले, की जुन्या बॅटरीचे काही आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून त्यांचा वेग प्रणालीतूनच कमी केला जात होता. बॅटरी बदलली की असे फोन पूर्ववत चालत. दोन-तीन वर्षे वापरलेला फोन मंदावला, लवकर उतरू लागला किंवा शिल्लक दिसत असतानाच बंद पडू लागला, तर आधी बॅटरी तपासून घ्यावी. तिचा खर्च नव्या फोनच्या मानाने किरकोळ असतो. मोठ्या अपडेटनंतर एक-दोन दिवस फोन गरम व संथ राहणे मात्र स्वाभाविक आहे. तेवढा धीर धरावा.

शेवटचा उपाय

हे सर्व करूनही गुण आला नाही, तरच फोन मूळ स्थितीत आणण्याचा, म्हणजे फॅक्टरी रीसेटचा विचार करावा. त्याने सारे पुसले जाते. म्हणून उधारीची वही, बिले आणि संपर्क यांची प्रत आधी दुसरीकडे ठेवावी आणि ती उघडते का, हे दुसऱ्या फोनवर पाहून घ्यावे. गूगल खात्याचा पासवर्ड हाताशी असावा. यूपीआयची नोंदणीही पुन्हा करावी लागते. दिवाळीच्या तोंडावर किंवा आर्थिक वर्षअखेरीस हे काम काढू नये.

इतके झाल्यावरही दोन-तीन जीबी रॅमचा जुना फोन आजच्या ॲपांना पुरत नसेल, तर नवा घेणे योग्यच आहे. तो खर्च मग विचारान्ती केलेला असतो. जुना फोन कपाटात पडू देऊ नये, कचऱ्यातही टाकू नये. त्यातील माहिती पुसून तो अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावा. अशा कचऱ्यासाठी 2022 चे ई-कचरा नियम 1 एप्रिल 2023 पासून देशात लागू आहेत. उघड्यावर जाळलेल्या यंत्राच्या धुरात आणि मातीत मिसळलेल्या विषारी धातूंत किती जीवांची हानी होते, हे अहिंसेचे व्रत मानणाऱ्या घराला वेगळे सांगावे लागत नाही.

श्रावकाच्या व्रतांत परिग्रहपरिमाण सांगितले आहे : आपल्याजवळ किती असावे याची मर्यादा आपणच आखावी. सोने, धान्य, वस्त्र यांच्यासाठी अनेक घरांत ही मर्यादा पाळली जाते. हातातल्या फोनलाही ती लागू केली आणि महिन्यातून एक दिवस त्याची वखार तपासली, तर मुनीम कित्येक वर्षे चपळ राहतो आणि गल्ल्यातले पैसे गल्ल्यातच राहतात.