आपली मंडळी कोणती?

ग्वाल्हेरमध्ये ख्रिस्ती धर्म दोन वाटांनी आला. एक वाट शिंद्यांच्या फौजेची. महादजींनी कवायती पलटणी उभ्या केल्या तेव्हा त्यांच्याबरोबर युरोपीय अधिकारी आले. त्यांतले फिलोज घराणे मूळचे इटलीचे, धर्माने कॅथलिक, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या ग्वाल्हेरचेच होऊन राहिलेले. १८७४ साली उभ्या राहिलेल्या जयविलास राजवाड्याचे वास्तुरचनाकार सर मायकल फिलोज याच घराण्यातले. दुसरी वाट मुरारच्या छावणीची. १८४३च्या महाराजपूर-पनियारच्या लढायांनंतर इंग्रजांच्या हुकमतीखालची फौज मुरारला बसली. १८५८ पासून १८८६ पर्यंत ग्वाल्हेरचा किल्लाही इंग्रजांकडेच होता. गोऱ्या शिपायांसाठी उपासना सुरू झाली आणि त्यांच्या मागोमाग अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनरी आले.

आज या शहरात रविवारी सकाळी घराबाहेर पडणाऱ्याला निवड करता येते. १९९९ साली स्थापन झालेल्या कॅथलिक धर्मप्रांताचे मुख्य चर्च मुरारला आहे. उत्तर भारत मंडळी, म्हणजे सीएनआय, आहे. शिवाय घराघरांतून आणि भाड्याच्या हॉलमधून भरणाऱ्या पेन्टेकोस्टल प्रार्थनासभा आहेत. उपासना बहुतेक हिंदीत, थोडी इंग्रजीत.

बँकेच्या, रेल्वेच्या किंवा हवाई दलाच्या बदलीवर नगरहून, वसईहून, नागपूरहून इथे आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबापुढे मग प्रश्न उभा राहतो: यांतले आपले कोणते? बहुतेक जण जवळचे चर्च गाठतात, किंवा मुलांची शाळा ज्यांची त्यांच्या चर्चमध्ये जातात. मला हा प्रश्न इतका लहान वाटत नाही. ज्यांना आपण मराठी ख्रिस्ती परंपरेचे आधारस्तंभ मानतो, त्यांनी याच प्रश्नावर आयुष्याची कितीतरी वर्षे खर्ची घातली. त्यांच्या शोधाकडे पाहिले तर आपल्या शोधाला दिशा मिळते.

सुरुवात एका बंगाली माणसापासून करतो, कारण त्याची वाट ग्वाल्हेरवरून गेली. भवानीचरण बॅनर्जी, पुढचे ब्रह्मबांधव उपाध्याय, ऐन तारुण्यात घर सोडून ग्वाल्हेरला आले होते. शिंद्यांच्या फौजेत शिरावे, युद्धकला शिकावी आणि इंग्रजांना हाकलावे, ही ओढ. ते साधले नाही. ब्राह्मसमाजातून ते ख्रिस्ताकडे वळले. १८९१च्या फेब्रुवारीत एका अँग्लिकन पाळकाने त्यांना बाप्तिस्मा दिला आणि त्याच वर्षी कराचीत ते कॅथलिक झाले. एका वर्षात दोन मंडळ्या! पण शोध तिथेही थांबला नाही. जन्माने हिंदू आणि श्रद्धेने कॅथलिक अशी आपली ओळख सांगत भगवी वस्त्रे नेसणाऱ्या या संन्याशाने १८९९ साली जबलपूरला नर्मदेच्या काठी मठ काढला, आणि चर्चच्या वरिष्ठांनी तो चालू दिला नाही. १९०७ साली राजद्रोहाचा खटला चालू असतानाच ते वारले. जी मंडळी त्यांनी मनापासून पत्करली होती तिला ते पेलवले नाहीत, असे माझे मत आहे. त्यांच्या हट्टापेक्षा वरिष्ठांची भीती मोठी होती.

ग्वाल्हेरपासून झाशी काही तासांवर. त्या झाशीजवळच्या काशीपुऱ्यात १८२५ साली नीळकंठशास्त्री गोरे जन्मले. चित्पावन कुटुंब, पुढे काशीला स्थायिक झालेले. ख्रिस्ती धर्माचे खंडन करायला शास्त्रीबोवा पुढे सरसावले आणि वाद घालता घालता स्वतःच विचारात पडले. १८४८ साली जौनपूरला त्यांचा बाप्तिस्मा झाला, नाव नेहेम्या. ज्या चर्च मिशनरी सोसायटीत ते आले तिचा भर प्रवचनावर आणि व्यक्तिगत विश्वासावर. गोरे हळूहळू तिथून अँग्लिकन मंडळीतल्याच दुसऱ्या टोकाकडे गेले, जिथे संस्कार, उपवास, पापकबुली, संन्यस्त जीवन यांना महत्त्व होते. ऑक्सफर्डजवळच्या काउली बंधूंच्या संघात ते उमेदवार म्हणून दाखल झाले, पण अखेरची शपथ त्यांनी कधीच घेतली नाही. शंका त्यांना जन्मभर छळत राहिल्या. त्या न लपवता, अतिशय साधेपणाने राहत, १८९५ साली मुंबईत त्यांनी देह ठेवला. मंडळी सापडली म्हणजे शंका मिटतात, अशा आशेने चर्चच्या दारात जाणाऱ्याने गोऱ्यांचे चरित्र आधी वाचावे.

याच गोऱ्यांच्या लिखाणाने पंडिता रमाबाईंच्या मनाचा कौल बदलला, असे रमाबाईंनी स्वतः सांगून ठेवले आहे. आणि मनासारख्या मंडळीचा शोध मराठीत सर्वांत निर्भयपणे कुणी केला असेल तर तो रमाबाईंनी. १८८३च्या सप्टेंबरात इंग्लंडमधल्या वाँटेज गावी, जोगिणींच्या मठात राहत असताना, त्यांनी आणि त्यांच्या लहानग्या मुलीने, मनोरमेने, बाप्तिस्मा घेतला. पंचवीस वर्षांची विधवा, परक्या देशात, उपकाराखाली राहणारी. तिने मुकाट्याने सांगितले ते मानायचे, अशी अपेक्षा असणे त्या काळी स्वाभाविक होते. रमाबाईंनी मानले नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, हे त्यांनी विचारले. त्रैक्याचा सिद्धांत आपल्याला जसा मांडला जातो तसा बायबलात कुठे आहे, हेही विचारले. मनोरमेला काय शिकवायचे हे आई ठरवील, हे ठणकावले. त्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या शिक्षिका डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली प्रसिद्ध झाला. तो वाचताना जाणवते की या बाईला बंड करायचे नव्हते. जे मनाला पटले नाही ते पटल्यासारखे दाखवणे तिला पाप वाटत होते.

१८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या. तिथे पंथांचा बाजारच त्यांच्यापुढे उघडला. हरतऱ्हेचे प्रॉटेस्टंट, कॅथलिक, युनिटेरियन, शिवाय थिऑसफिस्ट आणि परलोकविद्यावाले. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या देशांत इतकी मते पाहून आपण गोंधळलो, हे त्यांनी पुढे १९०७ साली आपल्या साक्षीत मोकळेपणाने लिहिले. त्यांच्या शारदासदन या विधवांसाठीच्या शाळेसाठी पैसा उभारणाऱ्या बॉस्टनच्या संस्थेचे अध्यक्ष युनिटेरियन होते आणि तिच्यात अनेक पंथांचे लोक होते. रमाबाईंनी सर्वांची मदत घेतली, कुणाचाही शिक्का लावून घेतला नाही. १८८९ला मुंबईत शारदासदन निघाले, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले, आणि तिथली मंडळी कुठल्याच पंथाच्या वहीत नोंदली गेली नाही. १९०५ साली तिथे मुलींमध्ये जे भक्तीचे उधाण आले त्याची नोंद पेन्टेकोस्टल चळवळीच्या जगभरच्या इतिहासात होते. वाँटेजच्या शिस्तबद्ध उपासनेपासून मोठ्याने रडत-गात चाललेल्या केडगावच्या प्रार्थनेपर्यंतचा हा प्रवास एकाच बाईने केला. आणि मृत्यूपर्यंत ती हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करत राहिली, खेड्यातल्या बाईला कळावे म्हणून.

नारायण वामन टिळकांचा शोध निराळा. १८९३च्या सुमारास रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय प्रवाशाने नवा करार हाती दिला, १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा झाला, १९०४ला पाळकपदाची दीक्षा मिळाली. मंडळी अमेरिकन मराठी मिशनची, म्हणजे काँग्रिगेशनल, पाळकापेक्षा सभासदांना अधिकार मानणारी. नगरला तिचे ठाणे. टिळकांनी तिला गीते दिली, मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचा मराठी भाग सांभाळला. आणि तरी त्यांना एक गोष्ट सलत राहिली. पगार मिशनचा, निर्णय मिशनचा, इमारत मिशनची; मग इथल्या माणसाचे काय? १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त झाले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, जे ख्रिस्ताला गुरू मानतात ते सारे त्यात यावेत, अशी त्यांची कल्पना. १९१९च्या मे महिन्यात टिळक गेले आणि दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. पण त्यांचे चरित्र लिहिणाऱ्या जे. सी. विन्स्लो या अँग्लिकन पाळकाने १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ काढला. भारतीय आणि युरोपीय एका पंक्तीला बसून, भारतीय पद्धतीने राहणारा आश्रम. त्यामागे टिळकांची प्रेरणा स्पष्ट दिसते.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा विसर पडू देऊ नये. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या झाल्या नाहीत. त्यांनी वेगळे राहून पाहिले, सोवळे सांभाळून पाहिले, जातिभेद माणसाने केलेला आहे हे स्वतःला पटल्यावर शिवाशिव सोडली, आणि टिळकांनंतर सुमारे पाच वर्षांनी आपल्या पायांनी मंडळीत आल्या. एका घरात दोन माणसे दोन वेगांनी चालू शकतात. पत्नीला किंवा सासूला ओढत चर्चला नेणाऱ्यांनी लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ त्यासाठी पुन्हा उघडावे.

टिळकांची ती मंडळी पुढे कुठे गेली? २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एकत्र आल्या आणि उत्तर भारत मंडळी झाली. अँग्लिकन; काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन या दोघांची आधीच झालेली संयुक्त मंडळी; बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले. या एकीकरणातून निघालेली एक तडजोड मला फार मोलाची वाटते: तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा आणि जाणत्या वयात घेतलेला बाप्तिस्मा, दोन्ही तिथे सारखेच ग्राह्य. शतकानुशतके ज्यावरून माणसे फुटली त्यावर भारतातल्या माणसांनी तोडगा काढला. याच मंडळीच्या काही धर्मप्रांतांत जमिनी-इमारतींचे वाद कोर्टात रेंगाळतात, हेही खरे, आणि ते दुःखद आहे.

कॅथलिकांची गोष्ट सोपी. वसईच्या माणसाला मुरारच्या मिस्सात परके वाटायचे कारण नाही. क्रम तोच, वाचने तीच, भाषा फक्त हिंदी. लॅटिन मागे पडून लोकभाषा वेदीपाशी आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६२-६५ नंतर. त्या बदलाने वसईत मराठी उपासनेला बळ आले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ त्याच प्रवाहातले. कॅथलिक चर्चमध्ये स्त्रिया धर्मगुरू होत नाहीत आणि परमप्रसाद सामान्यतः कॅथलिकांनाच मिळतो. मिश्र विवाहाच्या घराने हे आधी समजून घ्यावे. पाण्याने आणि त्रैक्याच्या नावाने झालेला प्रॉटेस्टंट बाप्तिस्मा मात्र आज तिथे मानला जातो, तो पुन्हा देत नाहीत.

तर मग निवडायचे कसे? माझे म्हणणे असे की गायन, इमारत, प्रवचनाची लांबी यांवर निवडू नये. रमाबाईंची कसोटी पहिली लावावी: इथे प्रश्न विचारला तर काय होते? पाळकसाहेबांना भेटून खरी शंका विचारा. उत्तर येवो न येवो, विचारणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाते का, एवढे पाहा. जिथे शंका म्हणजे सैतानाचे काम ठरते, तिथे थांबू नका.

दुसरी कसोटी टिळकांची, पैशाची आणि अधिकाराची. वर्गणी, दशांश, दाने यांचा हिशेब वर्षातून एकदा सर्वांसमोर वाचला जातो का? कमिटी निवडून येते की एकाच घराची असते? आजारपण बरे करण्याच्या नावाखाली पैसा मागणारी किंवा औषध बंद करायला सांगणारी सभा कितीही गोड गाणारी असो, तिथून निघावे. पेन्टेकोस्टल सभांबद्दल मी हे सरसकट म्हणत नाही. परगावी एकट्या पडलेल्या माणसाच्या घरी रात्री प्रार्थनेला येणारे लोक मी त्यांच्यातच जास्त पाहिले आहेत, आणि जुन्या मंडळ्यांनी हे त्यांच्याकडून शिकायला हवे.

तिसरी कसोटी जातीची. ती बोलून दाखवली जात नाही, म्हणून डोळे उघडे ठेवून पाहावी लागते: प्रभुभोजनानंतर कोण कुणाच्या घरी जेवायला जाते, लग्ने कुणाची कुणाशी जुळतात. ख्रिस्ती झाल्याने जात संपली असे मानणाऱ्या मंडळीत ती बहुधा टिकलेली असते. ज्या मंडळीत तिच्याविषयी व्यासपीठावरून बोलले जाते, तिथे आशेला जागा आहे.

आणि हे सारे नाताळात किंवा ईस्टरला दिसत नाही. साध्या रविवारी, पावसात, परीक्षेच्या दिवसांत जाऊन पाहा. कुणी आजारी असेल तर त्याच्याकडे कोण जाते ते पाहा. निदान एक पावसाळा आणि एक हिवाळा घालवल्याशिवाय मत बनवू नका, आणि तोवर जुन्या गावच्या मंडळीतले नावही काढू नका.

ग्वाल्हेरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना एक विनंती. मराठीत प्रार्थना घरी होते तेवढ्यावर समाधान मानू नका. ज्या मंडळीत बसता तिच्या पाळकांना किंवा फादरांना विचारा, की महिन्यातल्या एका रविवारी टिळकांचे एक गीत आम्ही म्हणू का. हिंदी भाषक शेजाऱ्यांना त्याचा अर्थ आधी दोन वाक्यांत सांगा. हे गाव दोनशे वर्षे मराठी ऐकत आले आहे. विचारल्यावर नकार येईल असे मला वाटत नाही.